महामार्गावर लहान विमान उतरू लागले तर : सोलापूर परिसरातील वाहनचालकांनी काय करावे

सोलापूरहून पुण्याकडे जाताना आरशात पाहावे आणि मागच्या ट्रकच्या टपावर एक विमान खाली येताना दिसावे, ही गोष्ट बहुतेकांना अशक्य वाटेल. ती दुर्मीळ आहे हे खरे, पण अशक्य नाही. २३ जानेवारी २०२० रोजी राष्ट्रीय छात्र सेनेचे दोन आसनी विमान दिल्लीजवळ गाझियाबाद जिल्ह्यात ईस्टर्न पेरिफेरल द्रुतगती मार्गावर उतरवावे लागले होते आणि त्यातील दोघेही सुखरूप राहिले. जुलै २०२२ मध्ये प्रशिक्षणार्थी वैमानिकाचे एक विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात कोसळले. बारामतीच्या प्रशिक्षण विमानांचे हे आकाश आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागूनच आहे. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून जून २०२५ मध्ये प्रवासी सेवाही सुरू झाली. मात्र पुढील सूचना मोठ्या प्रवासी विमानांबद्दल नसून एका इंजिनाच्या, दोन किंवा चार आसनांच्या विमानांबद्दल आहेत, कारण वाहत्या रस्त्यावर उतरण्याची वेळ बहुधा त्यांच्यावरच येते.

वैमानिकाची अडचण आधी समजून घ्यावी, म्हणजे आपण काय करायचे हे पाठ करावे लागत नाही. इंजिन बंद पडलेले लहान विमान दगडासारखे खाली पडत नाही, ते तरंगत उतरते. सेसना १७२ हे प्रशिक्षणात सर्रास वापरले जाणारे विमान एक मीटर उंची गमावताना साधारण नऊ मीटर पुढे जाते. म्हणजे ३०० मीटर उंचीवर इंजिन थांबले, तर वैमानिकाच्या हाती जेमतेम पावणेतीन किलोमीटरचा टप्पा आणि सव्वा ते दीड मिनिट उरते. एवढ्या वेळात जागा निवडणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, रेडिओवर तीनदा ‘मेडे’ ही संकटाची हाक पुकारणे आणि विमान सरळ ठेवणे ही सगळी कामे त्याला करायची असतात. जागा चुकली म्हणून पुन्हा वर जाण्याची सोय त्याला नसते. आपल्याला ब्रेक, वळण, गती असे तिन्ही पर्याय असतात. त्यामुळे वाट द्यायची ती आपणच.

शेत सोडून विमान रस्त्यावर का येते, असे कोणीही विचारील. मोकळे, सपाट, पीक काढलेले रान ही पुष्कळदा रस्त्यापेक्षा सुरक्षित जागा असते, कारण तिथे माणसे नसतात. परंतु आपली काळी माती पावसात लोण्यासारखी होते. तिच्यात पुढचे चाक रुतले की विमान नाकावर उलटते. उन्हाळ्यात नांगरटीची ढेकळे आणि सऱ्या तेच काम करतात, तर उभा ऊस विमानाला धरून एकदम थांबवतो. त्यात भर विजेच्या तारांची. सोलापूर हे वीजवहनाचे मोठे ठाणे आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. त्या मनोऱ्यांच्या रांगा आपण रोज पाहतो. वरून मनोरे दिसतात, तारा मात्र अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. म्हणूनच एखाद्या वैमानिकाला हैदराबाद किंवा पुणे रस्त्याची सरळ काळी पट्टी अधिक भरवशाची वाटू शकते.

ती पट्टी वाटते तितकी रुंद नसते. चौपदरी महामार्गाच्या एका बाजूच्या दोन मार्गिका मिळून ७ मीटर भरतात आणि सेसना १७२ च्या पंखांचा विस्तार ११ मीटर असतो. पंखांची टोके एकीकडे दुभाजकाच्या झाडांवर आणि दुसरीकडे कडेच्या पट्टीवर जाणारच. राजस्थानात बाडमेरजवळ सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ९२५-अ वर हवाई दलासाठी तीन किलोमीटरची धावपट्टी सुरू झाली. ती त्याच हेतूने बांधलेली आहे आणि वापरण्यापूर्वी वाहतूक थांबवली जाते. आपल्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर फलकांच्या कमानी, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल आणि सावळेश्वर, वरवडे यांसारखे टोलनाके आहेत.

आता चालकाचे काम. वैमानिक शक्यतो वाहतुकीच्या दिशेनेच उतरतो, कारण ताशी ९० किलोमीटर वेगाने टेकणारे विमान आणि ताशी ८० ने जाणारी मोटार यांच्या वेगातला फरक मग केवळ १० राहतो. समोरासमोर आले तर तोच १७० होतो. २ डिसेंबर २०२० च्या रात्री अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात आर्डन हिल्स येथे एक इंजिनाचे विमान वाहत्या महामार्गावर असेच उतरले आणि पुढच्या मोटारीवर आदळले, तरी कोणालाही इजा झाली नाही. याचा अर्थ असा की विमान बहुधा आपल्या पाठीमागून येईल, आणि इंजिन बंद असल्यामुळे त्याचा आवाज जवळपास येणारच नाही. रस्त्यावर सरकणारी मोठी सावली, मागच्या वाहनांचे अचानक लागलेले दिवे किंवा शेतातील माणसांचे वर पाहून हातवारे करणे, याच काय त्या खुणा.

विमान मागे आणि खाली येत असेल, तर जागच्या जागी ब्रेक दाबू नये. बहुतेक चालकांचा पाय घाबरून तिकडेच जाईल, आणि नेमके तेच घातक ठरेल, म्हणून ही सूचना मी सर्वांत महत्त्वाची मानतो. टेकल्यानंतर असे विमान साधारण पावणेदोनशे मीटर धावून १४ सेकंदांच्या आसपास थांबते. तेवढ्या वेळात ताशी ८० ने चालत राहिलेली मोटार तीनशे मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे चालत राहणारा त्याच्या वाटेतून आपोआप बाहेर पडतो आणि थांबणारा त्याच्या वाटेत उभा राहतो. गती टिकवावी, मार्गिका झटक्यात बदलू नये, धोक्याचे चारही दिवे लावावेत आणि डावीकडे सेवा रस्ता किंवा फाटा आला तर त्यावर उतरून जावे. केवळ कडेच्या पट्टीवर गाडी उभी करणे पुरेसे नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे पंख तिथपर्यंत पोचतो.

विमान आपल्या पुढे उतरत असेल, तर कृती याच्या उलट आहे. दिवे लावून हळूहळू गती कमी करावी, मागच्यांना आपले थांबणे कळू द्यावे आणि किमान शंभर मीटर अंतरावर उभे राहावे. ट्रक, एसटी किंवा टँकर चालवणाऱ्यांनी आपले वाहन अशा वेळी तिरके लावून दोन्ही मार्गिका अडवल्या, तर मागून येणाऱ्या वेगवान मोटारींपासून विमानाला आडोसा मिळतो. रात्री तर हे केलेच पाहिजे. समोरून येत असेल, तर गती झपाट्याने पण सरळ रेषेत कमी करून डावीकडे रस्त्याच्या बाहेर जावे. दुभाजकापलीकडच्या वाहतुकीनेही गती कमी करावी, कारण टेकताना पंख एखाद्या खांबाला लागला तर विमान गर्रकन फिरून पलीकडे येऊ शकते.

दुचाकीस्वारांनी, गळीत हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचालकांनी आणि बैलगाडीवाल्यांनी वाहनासकट पळण्याचा प्रयत्न करू नये. दुचाकी जमेल तितकी डावीकडे घालावी. भरलेली ट्रॉली वळत नाही. ती थांबवून माणसांनी रस्त्यापासून लांब, शेताकडे धावावे. आषाढी-कार्तिकीला पालखी मार्गांवर दिंड्या असतात, तेव्हा सेवेकऱ्यांनी रांग एकाच बाजूला, रस्त्याखाली उतरवावी. दोन्ही बाजूंना पांगापांग झाली की मध्ये अडकणारे वाढतात.

विमान थांबल्यावर खरी घाई सुरू होते आणि इथेच आपल्या लोकांचा चांगुलपणा त्यांनाच महागात पडू शकतो. धावत जावे, पण आधी वर पाहावे. तार तुटून लोंबत असेल किंवा विमानाला टेकली असेल, तर निदान दहा मीटर दूर थांबावे, महावितरणला कळवावे आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणालाही पुढे जाऊ देऊ नये. आतील माणूस शुद्धीवर असेल आणि आग नसेल, तर त्याला आतच बसून राहण्यास ओरडून सांगावे.

तारांचा धोका नसेल, तर मागून, शेपटीच्या बाजूने जवळ जावे. प्रोपेलर थांबलेला असला तरी त्याच्या फिरण्याच्या कक्षेत उभे राहू नये आणि त्याला हात तर मुळीच लावू नये. या इंजिनांची ठिणगी मोटारीप्रमाणे बॅटरीवर अवलंबून नसते. मॅग्नेटो नावाचे यंत्र ती स्वतःच तयार करते, त्यामुळे बॅटरी बंद असूनही प्रोपेलर हाताने ढकलल्यास इंजिन एखादा फेरा मारू शकते, आणि तो फेरा हात तोडायला पुरेसा असतो. इंधन पंखांत असते, लहान सेसना १५२ मध्येही सुमारे ९८ लिटर. निळसर द्रव गळताना दिसला किंवा पेट्रोलचा वास आला, तर विडी-काडी, चालू इंजिने आणि बघे या तिघांना लांब ठेवावे. ट्रक आणि बसमधील कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी आणून ठेवावेत. आग लागल्यास वाऱ्याला पाठ करून ज्वालांच्या मुळाशी फवारा मारावा, टोकाशी नव्हे.

दार शोधण्यात वेळ जातो, म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पंख छपरावर असलेल्या सेसना प्रकारच्या विमानांना दोन्ही बाजूंना दारे असतात, पंख खाली असलेल्या पायपर चेरोकीसारख्या विमानांना पुढे एकच दार, तेही उजव्या पंखावर असते. विमान उलटे पडले असेल, तर आतील माणूस पट्ट्याला लटकलेला असतो. दोघांनी खांदे व कंबर धरून आधार दिल्याशिवाय पट्टा सोडू नये, नाहीतर तो डोक्यावर पडून मानेला इजा होते. आग किंवा इंधनगळती नसेल, तर जखमीला ओढून बाहेर काढण्यापेक्षा त्याची मान स्थिर धरून १०८ च्या रुग्णवाहिकेची वाट पाहणे हितकारक आहे. काही नव्या विमानांत संपूर्ण विमानाला तोलणारे पॅराशूट असते आणि ते अग्निबाणाने उडते. छत्री उघडलेली नसेल, तर तो अग्निबाण अजून जिवंत असतो. सांगाड्यावर तशा इशाऱ्याची खूण दिसली, तर पत्रा कापू नये आणि आतली लाल मूठ ओढू नये.

११२ ला फोन करताना ‘विमान पडले’ एवढेच सांगून भागत नाही. जवळचा किलोमीटर दगड किंवा गाव, मार्गिका पुण्याकडची की हैदराबादकडची, आत किती माणसे, आग, गळती किंवा तारा आहेत का, आणि विमानावरील ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरे, एवढे एका दमात सांगावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकही आहे. दोन माणसांनी दोन्हीकडे कळवावे. एकाने उलट दिशेला जाऊन मागची वाहतूक थोपवावी आणि रुग्णवाहिकेसाठी एक मार्गिका मोकळी राखावी. गर्दीमुळे ती बंद झाली, तर बाकी सारी मदत वाया जाते.

माणसे बाहेर निघाल्यावर विमानाला कोणी हात लावू नये. अशा अपघातांचा तपास केंद्राचा विमान अपघात अन्वेषण विभाग करतो. प्रोपेलरची पाती कोणत्या दिशेला वाकली यावरूनही इंजिन शक्ती देत होते की नाही, हे तपासनिसांना कळू शकते. म्हणून आठवण म्हणून उचललेला पत्र्याचा तुकडा हा नाहीसा केलेला पुरावा ठरतो. जीव वाचवण्यासाठी काही हलवावेच लागले, तर आधी छायाचित्र घ्यावे आणि काय, कुठून, कुठे हलवले हे पोलिसांना सांगावे. चाकांच्या खुणा पुसू नयेत, त्यांवरून वाहने नेऊ नयेत. विमान खाली येतानाचे चित्रण गाडीतील कॅमेऱ्यात आपोआप झाले असेल, तर ते कुठेही न पाठवता मूळ स्वरूपात जपून पोलिसांच्या स्वाधीन करावे, आणि जखमींची छायाचित्रे कोणत्याही गटावर टाकू नयेत, कारण त्यांच्या घरच्यांना ही बातमी अजून पोचलेली नसते.