फुटबॉल संपल्यावर काय? तयारी खेळतानाच करा

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल (आपला पायाने खेळायचा नव्हे, तिथला बॉल हातात घेऊन पळायचा) खेळणारं, वर बास्केटबॉल नाहीतर बेसबॉलही खेळणारं पोरगं घरात असेल तर आधी एवढं मान्य करा की एनएफएलपर्यंत, म्हणजे तिथल्या प्रो फुटबॉल लीगपर्यंत, शंभरातले दोनसुद्धा पोचत नाहीत, आणि पोचला तरी घरी कधी पाठवायचं ते टीमवाले ठरवणार. म्हणून दुसरी लाईन खेळ चालू असतानाच धरायची.

डिग्री सोडू देऊ नका. पॉल रोबसन रटगर्स कॉलेजला चार खेळ खेळला, मग कोलंबियात लॉ शिकता शिकता अ‍ॅक्रन आणि मिलवॉकीकडून प्रो फुटबॉल खेळून पैसे कमावले आणि 1923 ला डिग्री घेतली (गाजला मात्र गायक आणि नट म्हणून, ते सोडा). कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचा बायरन व्हाइट तीन खेळ खेळायचा. येलला लॉ चालू असतानाच 1940 ला डेट्रॉइटकडून खेळून लीगमध्ये सगळ्यात जास्त रशिंग यार्ड (बॉल घेऊन पळत कापलेलं अंतर) त्याचे, आणि पुढे 1962 ते 1993 अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा जज!

फुल स्कॉलरशिपवर असून डिग्री अर्धी राहिली असेल तरी ऑफिसात जाऊन विचारा, लाजू नका. डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) कॉलेजांना ऑगस्ट 2024 पासून अशा मुलांना 10 वर्षांपर्यंत डिग्री पूर्ण करायला मदत द्यावी लागते. खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्चही कॉलेज सोडल्यावर निदान दोन वर्षं त्यांच्याकडेच. पण कागद नसतील तर भांडणार कशावर, त्यामुळे कॅम्पस सोडायच्या आधीच एमआरआय, सर्जरीचे पेपर, डोक्याला मार लागल्याच्या नोंदी सगळं टीमच्या ट्रेनरकडून (दुखापती बघतो तो) मागून घ्या.

दुसरा खेळ नुसता टाईमपास समजू नका. चार्ली वॉर्डला 1993 ची हाइझमन (कॉलेज फुटबॉलच्या बेस्ट खेळाडूची ट्रॉफी) मिळाली, तरी 1994 च्या ड्राफ्टमध्ये (प्रो टीमा कॉलेजची पोरं निवडतात तो) एकाही एनएफएल टीमने घेतला नाही, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या निक्स टीमने बास्केटबॉलसाठी पहिल्याच राउंडमध्ये उचलला, दहाएक वर्षं एनबीए (प्रो बास्केटबॉल लीग) खेळून नंतर तो कोचिंगमध्ये गेला. तेव्हा त्या खेळाच्या कोचशी संबंध टिकवा. कोचिंगची आवड असेल तर ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा शोधा, टीमबरोबर काम आणि बऱ्याच ठिकाणी मास्टर्सची फीसुद्धा सुटते.

आणि आई लोकांनो, पोरगा लाइनमन (पुढच्या रांगेत धडका देणारा, वजनदार खेळाडू) असेल तर शेवटच्या मॅचनंतर ताट निम्म्यावर आणा, व्यायाम कमी झाला तरी भूक तीच राहते, आणि ते वजन गुडघ्यांवर येतं. डाएटिशियन कॉलेजात असेपर्यंत फुकट मिळत असेल तर तेव्हाच गाठा.