पाचवीत आलं, पण वाचता येत नाही: सुरुवात कुठून करायची?

आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पहिला आठवडा मी पुस्तकाला हात लावत नाही. नागपुरात मनपाच्या शाळेत पाचवीला शिकवते. गेल्या वर्षी वर्गात 38 पोरं होती, त्यातल्या 11 जणांना साधा परिच्छेद वाचता येत नव्हता. नव्याने आलेल्या शिक्षकांना आणि वस्तीत संध्याकाळचा वर्ग घेणाऱ्यांना मी जे सांगते, तेच इथे लिहिते.

आधी एकेकाला जवळ बसवा. अख्ख्या वर्गाची लेखी चाचणी घेतली की शेजारच्याचं पाहून लिहिलेला कागद हाती येतो, बाकी काही नाही. मुलांना वाचता-मोजता येतं का हे घरोघरी जाऊन तपासणारं ‘असर’चं सर्वेक्षण खेड्यांतलं असलं तरी त्यातल्या पायऱ्या आपल्याला चालतात: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. परिच्छेदापासून सुरू करा. जमला तर गोष्ट द्या, अडला तर शब्दांवर या. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात.

फक्त पुस्तकातला धडा देऊ नका. एक पोरगा धडा घडाघडा वाचत होता आणि बोट मात्र दोन ओळी मागे. बोटाखालचा शब्द विचारला, तर गडी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू! मोठी बहीण घरी वाचायची, ते ऐकून सगळं पाठ. चार वर्षं त्यानं असंच निभावून नेलं. याला ‘ढ’ म्हणणाऱ्याने आधी एक अख्खा धडा नुसता ऐकून पाठ करून दाखवावा.

म्हणून मी मेट्रोच्या स्टेशनांची कार्डं केली आहेत. आधी ‘खापरी’, ‘वासुदेव नगर’, ‘सुभाष नगर’. मग ‘लोकमान्य नगर’, ‘कस्तुरचंद पार्क’, ‘उज्ज्वल नगर’. सगळ्यात शेवटी ‘टेलिफोन एक्स्चेंज’, तिथे तर पालकही थबकतात. पोर नेमकं कुठे अडतं ते वहीत लिहा. ‘वाचन कच्चे’ असा शेरा कुणाच्याच कामाचा नाही, ‘रफार वाचत नाही’ हा कामाचा. ‘पार्क’चं ‘पारक’ करणारी निम्मी निघतात. ‘पार्क’मधला र, ‘प्रजापती’मधला र आणि ‘राष्ट्र’मधला र एकच आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. एका आठवड्याला एकच रूप घ्या. बाराखडी सुरात म्हणवून घेणं मात्र बंद करा. ‘म, मा, मि, मी’ गाणारं पोर नुसता ‘मू’ दाखवला की पुन्हा ‘म’पासून मोजत येतं.

गणितात 42 वजा 17 द्या. बऱ्याच जणांचं उत्तर 35 येईल. लगेच फुली मारू नका, कसं केलं ते विचारा. “दोनातून सात जात नाही ना मॅडम, म्हणून सातातून दोन काढले.” म्हणजे पोरानं नियम लावलाय, फक्त चुकीचा लावलाय. त्याच्यासमोर दहाच्या चार खोट्या नोटा आणि एकेकची दोन नाणी ठेवा, अन् 17 रुपये माग म्हणून कुणाला तरी सांगा. नोट मोडून चिल्लर आणल्याशिवाय देता येत नाही, हे कळमन्याच्या बाजारात बापासोबत भाजी विकणाऱ्या पोराला सांगावं लागत नाही. मग तेच वहीत लिहायचं.

आकडे ऐकून लिहायला सांगा. ‘पस्तीस’ ऐकून 53 लिहितात आणि ‘एकोणचाळीस’ ऐकून 49. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायची पद्धत आणली तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही पोटभर हसलो होतो. आता मी दोन्ही म्हणते: पस्तीस, म्हणजे तीस पाच.

गट पाडताना माझी चूक झाली होती. अ, ब, क असे गट केले आणि ‘क’मधली एक मुलगी यायचीच बंद झाली. मग तलावांची नावं दिली: अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा. तीन दिवसांत पोरांना कळलं की कोणता तलाव आटलेला आहे. आता नावंच देत नाही. दर पंधरा दिवसांनी गट मोडते आणि गणिताचे वेगळे, वाचनाचे वेगळे ठेवते. वेळ सकाळची, शाळेतल्या दुपारच्या खिचडीच्या आधीची. खिचडीनंतर डोळे मिटतात, पोरांचे आणि माझेही.

घरी छत्तीसगढी बोलणारं पोर असेल तर गोष्ट आधी त्याच्या बोलीत सांगू द्या. आपल्या इकडच्या बोलीत कुणी ‘मले’ म्हटलं की ‘मला’ म्हण, असं पहिले दोन महिने तरी टोकू नका. वाचायला त्यांच्या तोंडचं द्या. तान्हा पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे रोगराई घेऊन जा असं ओरडत पुतळ्याची मिरवणूक; दुसऱ्या दिवशी वर्ग निम्मा रिकामा आणि आलेल्यांचे घसे बसलेले. मी फळ्यावर लिहिते, ‘खोकला घेऊन जाय गे मारबत’. मग एकेकानं आपली ओळ लिहायची. मागच्या खेपेला एकानं लिहिलं, ‘भागाकार घेऊन जाय गे मारबत’. अख्ख्या वर्गानं वाचली, न अडता.

आईला ‘घरी अभ्यास घ्या’ म्हणू नका. चार घरची भांडी घासून ती आठ वाजता येते. “ताई, दहा मिनिटं त्याला वाचू द्या, तुम्ही फक्त बोट पुढे सरकतंय का बघा,” एवढंच सांगा. तिला स्वतःला वाचता येत नसलं तरी हे जमतं.

पायाभूत वाचन-गणितासाठी केंद्राचं ‘निपुण भारत’ अभियान 2021 मध्ये आलं, त्याचा रोख तिसरीपर्यंतच्या मुलांवर. पाचवीतल्याची ती गाडी सुटलेली असते. शिक्षण हक्क कायद्याने वयानुसार प्रवेश मिळतो, म्हणून कधी शाळा न पाहिलेलं दहा वर्षांचं पोर थेट माझ्या वर्गात बसतं. विशेष प्रशिक्षणाचा हक्कही त्याच कायद्यात आहे. तो मुख्याध्यापकांकडे लेखी मागा. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, तेव्हा मार्चची वाट पाहू नका. वरून आलेल्या माहितीच्या लिंक भरणं आणि फोटो चढवणं चालूच राहणार, पण त्यापायी गटांचा हा तास चुकवू नका.

दिवाळीनंतर पुन्हा एकेकाला बसवा, जुन्या नोंदीशेजारी नवी तारीख घाला. कार्डं मात्र नवीन करा. जुनी तोवर पाठ झालेली असतात.