मॅपिंग शीट बरोबर होती, तरी नावं गेली

स्कीमा मॅपिंगचं, म्हणजे जुन्या डेटाबेसचा कुठला कॉलम नव्यात कुठे जाणार हे ठरवायचं काम नव्याने अंगावर आलं असेल तर आधीच सांगते, कॉलमला कॉलम जुळला म्हणजे डेटा जुळला असं धरून चालू नका. मी धरलं होतं. त्याची बोच अजून जात नाही.

ओरॅकल डेटाबेसवरून पोस्टग्रेस डेटाबेसवर जायचं होतं. ग्राहकांच्या टेबलात पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन कॉलम. ओरॅकलच्या व्हारचार२ या मजकुराच्या टाइपसमोर पोस्टग्रेसचा व्हारचार, लांबी तीच, मधल्या नावाला नल (किंमतच नाही) चालतो हेही शीटमध्ये लिहिलेलं. रो काउंट दोन्हीकडे सारखा आला आणि मी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये, ज्यांना मधलं नाव नव्हतं त्यांचं पूर्ण नावच कोरं. ओरॅकल दोन उभ्या रेघांनी स्ट्रिंग जोडताना नल सोडून देतो आणि उरलेलं जोडतो. पोस्टग्रेसमध्ये त्याच रेघांनी जोडताना एक तुकडा जरी नल असला तरी अख्खं उत्तर नल. टेबलातला डेटा जागेवर होता. रिपोर्ट ज्या व्ह्यूवरून, म्हणजे डेटाबेसमध्ये साठवलेल्या क्वेरीवरून, निघायचा त्याची क्वेरी एक अक्षर न बदलता दोन्हीकडे चालत होती, एरर नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. कॉन्कॅट-डब्ल्यूएस हे फंक्शन नल गाळतं. ते वापरून व्ह्यू पाच मिनिटांत दुरुस्त झाला. कारण सापडायला मात्र दोन दिवस गेले.

एवढ्यावर संपलं नाही. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजे नलच. पोस्टग्रेसमध्ये त्या दोन वेगळ्या गोष्टी. नवीन फॉर्ममधून रिकाम्या स्ट्रिंगा यायला लागल्या, आणि नल शोधणाऱ्या जुन्या क्वेऱ्यांना त्या दिसेनात. शीटमध्ये ‘नल चालतो’ लिहून भागत नाही. ‘नसलेली किंमत कशी साठवतात आणि ती कोण वाचतं’ हे लिहावं लागतं. मी आता ते कॉलमवरच्या कॉमेंटमध्ये, डेटाबेसमध्येच ठेवते. शीट माणसाबरोबर निघून जाते.

तारखांचंही तेच: ओरॅकलच्या डेटमध्ये सेकंदापर्यंत वेळ असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते. तिथे तारीख-वेळ दोन्ही ठेवणारा टाइमस्टॅम्प घ्या.

आपोआप मॅपिंग करणारी टूल्स वापरा, पण ती नाव आणि टाइप जुळवतात, अर्थ नाही. त्यांच्या भरवशावर सही करणं मला बेजबाबदारपणाच वाटतो. शिकायचं असेल तर सपोर्टमध्ये वर्षं काढलेल्या माणसाच्या शेजारी बसा. कुठला कॉलम कुणी कशासाठी वापरला हे त्याच्याइतकं आर्किटेक्टलाही ठाऊक नसतं.

शेकडो टेबलं बघून छाती दडपते, माझीही दडपली होती. सगळी एकदम समजावी लागत नाहीत. एक टेबल घ्या, प्रत्येक कॉलममध्ये नल किती, रिकाम्या किती, नुसत्या स्पेस किती, हे दोन्हीकडे मोजा, आणि त्यावर चालणारा एक रिपोर्ट जुन्या-नव्या दोन्हीकडून काढून ओळीला ओळ लावून बघा. पहिला फरक बहुतेक तिथेच सापडेल.