थंड प्रदेशातील परसात पेकनचे झाड

अमेरिकेच्या मध्यभागात स्थायिक झालेली मराठी मंडळी परसात पेकन (अक्रोडाच्या कुळातील सुक्या मेव्याचे झाड) लावण्याचा विचार करू लागली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: उणे वीस अंश सेल्सिअसच्या थंडीत हे झाड तगेल का? वाण योग्य असेल तर ते तगते, कारण मिसिसिपीच्या खोऱ्यात पेकनची रानटी झाडे थेट इलिनॉय आणि आयोवापर्यंत आढळतात. खरी अडचण उन्हाळा अपुरा पडण्याची असते. झाड हिवाळे काढते, मोठे होते, फळेही धरते; पण मगज भरण्याआधीच ऑक्टोबरात दहिवर (गोठलेले दव) पडले तर हाती पोकळ टरफले येतात. म्हणून रोप मागवण्यापूर्वी वसंतातील शेवटच्या आणि शरदातील पहिल्या दहिवरामधले दिवस मोजावेत. कान्झा, मेजर यांसारख्या उत्तरी वाणांना साधारण सहा महिने पुरतात. जॉर्जिया किंवा टेक्सासमधील मोठ्या फळांच्या वाणांना त्याहून बराच मोठा हंगाम लागतो.

बी पेरून उगवलेले पेकन म्हणजे रायवळ आंबा: फळ कसे निघेल याची खात्री नाही आणि त्यासाठी दहा-पंधरा वर्षे थांबावे लागते. त्यामुळे कलमच घ्यावे. घेताना वाणाइतकीच चौकशी खुंटाची करावी, कारण वरची फांदी उत्तरी वाणाची आणि खालचा खुंट दक्षिणी बियाण्याचा असेल तर कडक हिवाळ्यात बुंध्याला इजा होण्याचा धोका वाढतो. माझ्या मते उत्तरेतील बियाण्याच्या खुंटावर कलमे बांधणारी रोपवाटिका दूर असली तरी रोप तिथूनच मागवावे.

एकटे झाड लावू नये. पेकनमध्ये नर आणि मादी फुले एकाच झाडावर येतात, पण ती बहुधा एका वेळी उमलत नाहीत. मेजर आणि पॉनी या वाणांचे लोंबते नर तुरे आधी पराग सोडतात, तर कान्झा, लाकोटा आणि कोल्बी यांची मादी फुले आधी तयार होतात. परागण वाऱ्यावर अवलंबून असल्याने दोन्ही प्रकारांतले एकेक झाड जवळपास हवे. परसात दोनच झाडांची जागा असेल तर कान्झा आणि मेजर ही जोडी मी सुचवेन. पॉनीचे फळ मोठे असते व लवकर पिकते, पण दमट हवेत त्याला खवड्या हा बुरशीजन्य रोग लागतो; कान्झा मात्र या रोगाला सहसा बळी पडत नाही.

दोन झाडांत किमान 35 ते 40 फूट अंतर ठेवावे. घराच्या पायापासून आणि विजेच्या तारांपासून ती दूर असावीत. लागवड वसंताच्या सुरुवातीला, कळ्या फुटण्यापूर्वी करावी. उघड्या मुळांच्या रोपाचे सोटमूळ गाजरासारखे जाड आणि काळपट दिसते, त्यामुळे ते सडले असावे असा पुष्कळांचा समज होतो. नखाने साल किंचित खरवडून आत पांढरे दिसले तर रोप जिवंत आहे. हे मूळ खड्ड्यात वाकवून बसवू नये, खड्डाच तेवढा खोल खणावा. काढलेलीच माती परत भरावी, खत घालू नये, भरपूर पाणी द्यावे आणि शेंडा एक तृतीयांश छाटावा, म्हणजे तुटलेल्या मुळांवर वरचा भार पडत नाही. बुंध्याभोवती तीन-चार फुटांचे आळे गवतमुक्त ठेवून त्यावर आच्छादन पसरावे, मात्र ते सालीला टेकू देऊ नये. कोवळ्या पेकनची वाढ खुंटण्यामागे पुष्कळदा हे गवतच असते.

पाने बारीक राहून फांदीच्या टोकाशी गुच्छासारखी दाटली तर झाडाला जस्त कमी पडत आहे असे समजावे. सामू (पीएच) 7 च्या वर गेलेल्या जमिनीत हे सर्रास होते, आणि तिथे जस्त मातीत घालण्यापेक्षा वसंतात नव्या पालवीवर फवारलेले लवकर लागू पडते. शेजारी पीच किंवा प्लम असेल तर फवारा तिकडे उडू देऊ नये, त्यांची पाने करपतात.

कलमाला पहिली फळे सहा ते दहा वर्षांत दिसतात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एक फळ आडवे कापून पाहावे. आत आधी पाणी असते, मग त्याची जेली होते आणि शेवटी पांढरा घट्ट मगज बनतो. या दिवसांत पाण्याचा ताण पडला तर मगज अर्धवट राहतो. म्हणून पाऊस नसेल तर आठवड्याला निदान एक इंच पाणी खोलवर मुरेल असे द्यावे. आंब्याप्रमाणे पेकनही एक वर्ष भरभरून देते आणि पुढच्या वर्षी हात आखडते, त्याने घाबरून जाऊ नये.

हिरवी साल चार पाकळ्यांत उकलू लागली की लगेच काढणी सुरू करावी, नाहीतर खारी आणि कावळे आधी पोहोचतात. फळे सावलीत, वारा खेळेल अशा जागी दोन आठवडे पातळ पसरावीत. मगज वाकवल्यावर कट्कन मोडला की तो सुकला; तेलाचे प्रमाण जास्त असल्याने पुढे तो डब्यात न ठेवता फ्रीझरमध्ये ठेवावा.