ऑनलाइन सभेत कागद वाटताना एआयची मदत कशी घ्यावी

आमच्या आंबा बागायतदारांच्या गटाच्या निम्म्याहून अधिक सभा आता ऑनलाइनच भरतात. देवगड तालुक्यातील तीन वाड्यांतले बागायतदार, डोंबिवली-विरारकडे राहणारे त्यांचे चाकरमानी भाऊ आणि पुण्यात पेट्यांची विक्री सांभाळणारी पुढच्या पिढीतली मुले असे पंचवीसएक जण या सभांना असतात. ज्यांच्या घरात रेंज येत नाही ते सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या पठारावर, जाऊन बसतात, आणि जुलैत सभा असली तर एका हातात छत्री व दुसऱ्या हातात मोबाइल असा त्यांचा थाट असतो. गटाचा सचिव या नात्याने परिपत्रके, फवारणीचे वेळापत्रक, भाड्याचा हिशेब असे कागद या सर्वांसमोर मांडणे हे माझे काम आहे, आणि गेली दोन वर्षे त्यासाठी मी एआयची मदत घेत आलो आहे. या मदतीचे माप मी एकच ठरवले आहे. सड्यावर बसलेल्या माणसाला, त्याच्या मोबाइलवर, एका वाचनात कागद कळला तर मदत झाली, नाही तर नाही.

आधी कागद यंत्राला वाचता यायला हवा

पुष्कळांची गाडी येथेच अडते आणि दोष मात्र एआयला दिला जातो. आपल्याकडे येणारे मराठी कागद साधारणपणे तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकलेल्या पीडीएफचा. त्यातला मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला तर मराठीच उमटतो, त्यामुळे अशी फाइल थेट जेमिनाय, चॅटजीपीटी किंवा नोटबुकएलएम या एआय अ‍ॅपपैकी कोणालाही देता येते. दुसरा प्रकार युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेल्या पीडीएफचा. ती पडद्यावर स्वच्छ मराठीत दिसते, पण मजकूर चिकटवून पाहिला की इंग्रजी अक्षरे, कंस आणि चित्रविचित्र चिन्हांचा खच पडतो, आणि एआयच्या हाती तो खचच लागण्याची शक्यता असते. तिसरा प्रकार म्हणजे कार्यालयातल्या फलकाचा किंवा झेरॉक्सचा मोबाइलने काढलेला फोटो.

कागद कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायचे असेल तर त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून पाहावी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचा कागद असेल तर तो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडावा. चित्रातली मराठी अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर तेथे तयार होतो. दुसऱ्या प्रकारच्या पीडीएफमधून तरीही खचच आला, तर पानाचा स्क्रीनशॉट काढून त्या चित्रावर हीच क्रिया करावी. फाइल मोठी असल्यास हवी तेवढीच पाने वेगळी काढावीत. तयार झालेल्या मजकुरात ५ आणि ६, ३ आणि २ या आकड्यांची अदलाबदल आणि जोडाक्षरांची मोडतोड हमखास सापडते, तेव्हा मूळ कागद शेजारी ठेवून एकदा नजर फिरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कागद बाहेरच्या अ‍ॅपला देण्यापूर्वी त्यातली माणसे काढून टाकावीत. लाभार्थ्यांची यादी, सातबारा, बँकेचा तपशील अशा कागदांवर आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक असतात, आणि फवारणीच्या किंवा अनुदानाच्या सूचनांचा सारांश करण्यासाठी त्यांतल्या एकाचीही गरज नसते.

सारांश मागण्याची रीत

'याचा मराठीत सारांश दे' एवढेच सांगितले तर जी मराठी मिळते ती आमच्याकडे कोणी बोलत नाही. एकदा 'हॉपर किडींच्या प्रादुर्भावाचे प्रभावी व्यवस्थापन सुनिश्चित करावे' असे वाक्य आले होते. सभेत ते वाचून दाखवले असते तर 'म्हणजे तुडतुड्यांवर फवारायचे ना?' असा प्रश्न आला असता आणि उत्तरात 'होय' एवढेच सांगावे लागले असते. म्हणून मी आता सूचना पुरेशी लांब आणि नेमकी देतो. तिचा नमुना असा:

'खालील कागदातील माहितीवरूनच सहा ओळींचा मराठी मजकूर तयार कर. एका ओळीत एकच सूचना असावी आणि ती बारा शब्दांपेक्षा मोठी नसावी. औषधांची नावे, प्रमाण, पाण्याचे माप आणि तारखा जशाच्या तशा ठेव; त्यांचे रूपांतर करू नकोस. तुडतुडे, भुरी, मोहोर, फळमाशी, पेटी हे शब्द बदलू नकोस. कागदात नसलेले काहीही घालू नकोस, आणि जे स्पष्ट नाही त्यापुढे "अस्पष्ट" असे लिही.'

यातले माप आणि रूपांतर यांबद्दलचे वाक्य मी एका प्रसंगानंतर घातले. मोहोराच्या काळातल्या फवारणीच्या वेळापत्रकात औषधाचे प्रमाण दर १० लिटर पाण्यासाठी दिले होते. सारांशात औषधाचा आकडा तोच राहिला, पण '१० लिटर' गळून 'प्रति लिटर' झाले, म्हणजे प्रमाण थेट दहापट वाढले. मजकूर इतका नीटनेटका होता की मला स्वतःला तो खटकला नाही. सभेच्या आदल्या रात्री आमच्या गटातल्या आबांना फोनवर वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, 'एवढा औषध घातलंस तर मोहोर जळान जायत रे!' आणि चूक तेथेच धरली गेली. तेव्हापासून आकड्यांची तपासणी दोन माणसे करतात: एक मूळ कागद मोठ्याने वाचतो आणि दुसरा सारांशावर खुणा करतो. 'तुझे उत्तर बरोबर आहे का?' असे एआयलाच विचारण्याला मी तपासणी मानत नाही. नोटबुकएलएमसारख्या साधनात उत्तरातल्या विधानावर क्लिक करून आपण दिलेल्या कागदातला मूळ उतारा पाहता येतो, त्यामुळे ही तपासणी लवकर होते. पण ती टळत नाही.

आपण कागद न देता एआयला सामान्य ज्ञानावर बोलू दिले तर धोका आणखी वाढतो. हापूसच्या भौगोलिक मानांकनाबद्दल सभेसाठी टिपण हवे होते, तेव्हा मिळालेल्या उत्तरात ते फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांपुरते असल्याचे ठामपणे लिहिले होते. प्रत्यक्षात २०१८ मध्ये झालेली नोंदणी पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा पाच जिल्ह्यांसाठी आहे. आमच्या सभेला अलिबागकडचा एक पाहुणा बागायतदार येणार होता. त्याच्यासमोर ते टिपण ठेवले असते तर सभा तेथेच आटोपती घ्यावी लागली असती! शेतीविषयक मजकुरासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा मूळ कागद मिळवावा, तोच एआयला द्यावा आणि वाटायच्या मजकुराखाली त्या कागदाचे नाव व वर्ष लिहावे.

पडद्यावर काय दिसते

मोबाइल उभा धरला की त्याच्या पडद्याची रुंदी साधारण सात सेंटिमीटर असते, आणि आडवी स्लाइड त्यात बसवली की तिच्या वाट्याला जेमतेम चार सेंटिमीटर उंची येते. लॅपटॉपवर सुबक दिसणारा बारा ओळींचा तक्ता त्या चार सेंटिमीटरमध्ये मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो. आमच्या एका काकूंनी पहिल्याच सभेत 'माका अक्षर दिसणा नाय, तू वाचून दाखव' असे सांगून टाकले होते, आणि तेव्हा संपूर्ण तक्ता मला वाचून दाखवावा लागला. त्यामुळे एका स्लाइडवर चार ओळींहून अधिक मजकूर ठेवू नये, आणि एआयला स्लाइडचा मसुदा करायला सांगताना 'एका स्लाइडवर चार ओळी, एका ओळीत सहा शब्द' अशी मर्यादा आधीच घालावी. मोठा तक्ता असेल तर त्याचे 'पहिली फवारणी', 'दुसरी फवारणी' असे तुकडे पाडून प्रत्येकाची वेगळी स्लाइड करून मागावी.

मजकुरासह तयार चित्र मात्र एआयकडून करून घेऊ नये. चित्रे काढणारी साधने देवनागरी जोडाक्षरांची अजूनही वरचेवर वाट लावतात. आम्हाला एकदा 'फवारणी'च्या जागी कोणत्याच भाषेत नसलेला शब्द मिळाला होता. शब्द एआयकडून घ्यावेत, ते गूगल स्लाइड्समध्ये स्वतः टंकावेत आणि मुक्तसारखा ठळक युनिकोड फाँट वापरून ओळींमध्ये वेलांटी-मात्रांना पुरेल एवढे अंतर सोडावे.

सभेत संपूर्ण पडदा न दाखवता केवळ एक टॅब किंवा एक खिडकी दाखवण्याचा पर्याय निवडावा, आणि मोबाइलवरून पडदा दाखवायचा झाल्यास आधी 'व्यत्यय आणू नका' सुरू करावे. नाही तर बँकेचा ओटीपी पंचवीस जण एकत्रच वाचतात.

प्रत्यक्ष सभेत आणि त्यानंतर

वाटायचा मजकूर सभेच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप गटावर साध्या संदेशाच्या रूपात पाठवावा. सोळा एमबीची पीडीएफ सड्यावर उतरत नाही, पण सहा ओळींचा संदेश एका दांडीच्या रेंजवरही पोहोचतो. मूळ पीडीएफची लिंक त्याखाली द्यावी, म्हणजे ज्याला खात्री करायची असेल त्याची अडचण होत नाही. सभेच्या चॅटमध्ये टाकलेला मजकूर उशिरा आलेल्या माणसाला बहुतेक वेळा दिसत नाही, आणि आमच्याकडे वीज गेली की निम्मे सभासद बाहेर पडून पुन्हा आत येतात. म्हणून महत्त्वाचा संदेश मी दर पंधरा मिनिटांनी चॅटमध्ये पुन्हा टाकतो. झूमच्या मोफत खात्यावरची सभा ४० मिनिटांत संपते आणि गूगल मीटवर तीन किंवा अधिक जण असल्यास ६० मिनिटे मिळतात. मजकूर आदल्या दिवशी वाचून झालेला असेल तर ही मर्यादा अडचणीची वाटत नाही.

सभेत एखाद्याने नवा प्रश्न विचारला की लगेच एआयला विचारून उत्तर पडद्यावर दाखवण्याचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण न तपासलेले उत्तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आले की ते 'सचिवांनी दाखवले' म्हणून लोकांच्या लक्षात राहते. प्रश्न लिहून घ्यावा आणि तपासलेले उत्तर दुसऱ्या दिवशी गटावर पाठवावे. आपण दिलेल्याच कागदातला परिच्छेद शोधून काढण्यासाठी एआय वापरायला मात्र हरकत नाही, कारण तेथे दाखवायचा असतो तो कागद.

झूम, मीट आणि टीम्स यांत सभेची टिपणे आपोआप काढणारी एआय सोय आहे. ती साधारणपणे पैसे भरून घेतलेल्या खात्यांवर मिळते, आणि तिला मराठी समजते की नाही हे आपल्या खात्याच्या सेटिंगमध्ये आधी पाहून घ्यावे. मराठी समजली तरी मालवणी समजेलच असे नाही. बोलण्याचे अक्षरांत रूपांतर करताना आमच्या 'तुडतुड्यां'चे एकदा 'तुकडे तुकडे' झाले होते. ही सोय किंवा ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वी सभेच्या आरंभी सर्वांना स्पष्ट सांगून संमती घ्यावी आणि ती इतिवृत्तात नोंदवावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये संमत झालेला आहे, पण कायदा नसता तरी घरच्या कर्जाबद्दल बोलणाऱ्या माणसाला आपले बोलणे कोठे साठते आहे हे कळायलाच हवे.

मला स्वतःला याहून साधी रीत मानवली आहे. सभा संपताच पडवीत बसून मी मोबाइलवर मराठी व्हॉइस टायपिंग सुरू करतो आणि काय ठरले, कोणी काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत, हे पाच मिनिटे बोलून घेतो. नावांच्या जागी 'सभासद क', 'सभासद ख' असे ठेवून तो ओबडधोबड मजकूर एआयला देतो आणि 'ठराव, जबाबदारी, मुदत या क्रमाने लिही. ठरले नाही ते ठराव म्हणून लिहू नकोस' असे सांगतो. शेवटचे वाक्य आवश्यक आहे, कारण केवळ चर्चा झालेल्या गोष्टीला ठरावाचे रूप देण्याची एआयला खोड आहे. पेट्यांच्या भाड्यात वाढ करण्याचा विषय नुसता निघाला होता तर इतिवृत्तात तो एकमताने मंजूर झाला, आणि मुंबईहून तीन फोन आले.

इतिवृत्ताचा मसुदा अध्यक्षांनी पाहिल्यावर त्यात खरी नावे हाताने भरावीत, फाइलच्या नावात सभेची तारीख घालावी, ती गटावर पाठवावी आणि एआय अ‍ॅपमधले ते संभाषण व तेथे चढवलेले कागद त्याच दिवशी पुसून टाकावेत.