घरातले फोटो काढताना 'परत एकदा' म्हणू नका

खानदेशात, पारोळ्यातला आमचा स्टुडिओ बाबांनी सुरू केला, आता मी चालवते. लग्न, डोहाळजेवण, जावळ, पासपोर्ट फोटो, सगळं चालू असतं. पण अलीकडे काही जण वेगळंच मागतात: "ताई, एक दिवस घरी या, आणि आम्ही जसे राहतो तसे फोटो काढा." ऐकायला सोपं वाटलं. पहिल्याच कामात तोंडावर पडले.

अमळनेरकडचं एक खेडं. मावशी खापरावर मांडे करत होत्या. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: पुरण भरलेली पोळी थोडी लाटून घेतात, मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठी करतात. पार कोपरापर्यंत जाते, आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद पडते. मागच्या दारातून उजेड येत होता आणि त्या ताणलेल्या पोळीतून मावशींची बोटं दिसत होती. मी लेन्स बदलत बसले, तेवढ्यात मांडा खापरावर गेलासुद्धा. म्हटलं, "मावशी, परत एकदा कराल का, अगदी तसंच?" मान वर न करता त्या म्हणाल्या, "बाई, हाऊ मांडा पोरेसना पोटसाठे शे, तुना फोटूसाठे नही."

तरी बिचाऱ्यांनी पुढचा मांडा माझ्याकडे बघत केला. हात आखडलेले, हसू स्टुडिओतलं. तो फोटो मी कुणाला दिलाच नाही.

तेव्हापासून 'परत एकदा' बंद. चुकला तर चुकला. घरातलं काम कधी एकदाच होत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मांडे काय एक करतात? मोठ्या घरात पंधरा-वीस सहज होतात. मग पहिले चार नुसते बघायचे, कॅमेरा मांडीवर ठेवून. हात सगळ्यात लांब कधी जातात, मान कुठे वळते, पोळी सुटताना श्वास कधी रोखला जातो, याला एक ठेका असतो. तो सापडला की पाचव्या मांड्याला बटण आपोआप वेळेवर दाबलं जातं. भाकरी थापणं, ताक घुसळणं, पोरीची वेणी घालणं, सगळ्याला हेच लागू.

आता थोडं तांत्रिक. सुटणारा मांडा थिजवायचा तर शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवा. नुसती बोटं चालत असतील तर १/१२५ पुरतं. स्वयंपाकघरात उजेड कमीच असतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, १६०० किंवा ३२०० करायला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फ्लॅश मात्र बॅगेतच राहू द्या. मी बहुतेक वेळा ३५ एमएमची एकच लेन्स लावून जाते. बदलत बसण्याचं फळ वर सांगितलंच.

चुलीमागची भिंत धुराने काळी झालेली असते आणि कॅमेऱ्याला सगळं जग करड्या रंगाचं हवं असतं. काळी भिंत दिसली की तो फोटो उगाच उजळ करतो, मावशींचा चेहरा पांढराफटक पडतो. म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, एक पायरी खाली घ्या. आजोबांचं पांढरं धोतर आणि टोपी फ्रेमभर असेल तर उलट, पाऊण-एक पायरी वर. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवा, तेच काम होतं. त्याआधी पदराने लेन्स पुसा. कणकेच्या बोटांचा ठसा मी कितीतरी फोटोंत बघितलाय. धूर हवा असेल तर उजेड त्याच्या मागून आणि पलीकडे काळोख, अशी जागा धरा. हिवाळ्यात भरताची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजत असतात तेव्हा करून बघा.

आणि खाली बसा. आपल्याकडचं निम्मं घर जमिनीवर चालतं: निवडणं, चिरणं, जेवणं, अभ्यास. उभ्याने काढलं की नुसते भांग आणि टकलं येतात. बसलेल्या माणसाकडे घरही फारसं लक्ष देत नाही. पहिला अर्धा तास मी कॅमेरा काढतच नाही, चहा घेते. पोरं कॅमेऱ्याला झोंबतात, त्यांना दहा फोटो काढू देते. अकराव्याला त्यांना कंटाळा येतो, मग माझं काम सुरू.

वेळेचं सांगायचं तर मे महिन्यात मी पहाटे साडेपाचला गच्चीवर हजर असते. उन्हाळ्यात आमच्याकडे अख्खं घर वर झोपतं. पावणेसहाच्या सुमारास सूर्य येतो. त्याच्या थोडं आधीचा उजेड इतका मऊ असतो की मच्छरदाणीतला चेहराही स्वच्छ येतो. पण खरी मजा गाद्या गोळा करताना. कुणी गोधडी ओढतंय, कुणी गोधडीसकट ओढलं जातंय, आजी सगळ्यांच्या उशा मोजतेय. या वीस मिनिटांत जितके फोटो मिळतात तितके उरलेल्या दिवसात मिळत नाहीत. आठनंतर वाळवणं पडतात, कुरडया-पापड. तिथे सावलीत उभ्या माणसाकडे बघा, उन्हातल्या नको.

दहा ते पाच बाहेर जाऊच नका. पारा ४५च्या आसपास असतो, कॅमेराही तापतो, माणसंही. दार अर्धं लोटा, एका बाजूने उजेड येऊ द्या आणि कुणाला तरी त्या पट्ट्यात कैऱ्या चिरू द्या. एका खोलीत किती होऊ शकतं हे बघायचं तर चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचं घर आहे. त्यांनी कित्येक वर्षं जवळजवळ घराबाहेर पाऊल न टाकता काढली आणि टेबलावर वस्तू मांडून अख्खे देखावे उभे केले. ते मांडायचे, मी काही मांडत नाही. माझी रीत वेगळी. पण एकाच खिडकीखाली चिकाटीने बसणं मी त्यांच्यापासूनच घेतलं.

आंघोळीचे, रडण्याचे फोटो आधी आईला दाखवा. ती 'नको' म्हणाली तर तिथेच, तिच्यासमोर डिलीट. त्यावर वाद घालणाऱ्या फोटोवाल्याला घरात घेऊ नका, मलाही.

दिवसभरात मी सहाशे-सातशे फोटो काढते आणि चाळीस देते. बाबांच्या रोलात ३६च असायचे, त्यामुळे ते निवड बटण दाबायच्या आधी करायचे. मला रात्री जागून करावी लागते. एका रात्रीत निवडू नका, हसरे तेवढेच उरतात. दोन दिवस जाऊ द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो पिचकतो. दहा तरी चार बाय सहाचे छापून घ्या. मागे पेन्सिलने लिहा, पेनची शाई पुढे उमटते. 'आजी' असं लिहू नका, पुढच्या पिढीला कुणाची आजी ते कळत नाही. नाव, गाव, वर्ष, आणि काय चाललं होतं ते.

मांडेवाल्या मावशींकडे पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत गेले. पाचव्या मांड्याचा फोटो दिला. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "खापर तडकेल दिखस." खरंच, डावीकडे बारीक तडा होता. मला तो छापतानाही दिसला नव्हता.