जबड्याच्या सांध्याचा मसाज : नव्या फिजिओथेरपिस्टसाठी

कानासमोर बोट ठेवून पेशंट "इथंच दुखतं" म्हणतो आणि नवा थेरपिस्ट नेमका तिथंच अंगठा रोवतो. सांधा आधीच सुजलेला असेल तर तो आणखी ठणकायला लागतो. हात चालवायचा तो स्नायूंवर: गालावरचा मॅसेटर, कानशिलावरचा टेम्पोरॅलिस आणि जबड्याच्या आतल्या अंगाचा मेडियल टेरिगॉइड. मॅसेटरची कळ दाढेत किंवा कानात उमटते, त्यामुळे पेशंट आधी दुसऱ्याच डॉक्टरकडे जाऊन आलेला असतो.

हात लावायच्या आधी मोजा. तोंड उघडायला सांगून वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीनं घ्या. मोठ्या माणसात ते साधारण 40 ते 50 मिलिमीटर भरतं. पट्टी नसेल तर पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का पाहा. हनुवटी एका बाजूला सरकत असेल तर तीही नोंद करा.

आकडा 35 च्या खाली आला की आपल्याकडे पहिला प्रश्न सुपारी-गुटख्याचा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, सवय मात्र गेलेली नाही. गाल आतून पांढुरका, बोटाला दोरीसारखा ताठ पट्टा लागतोय, तिखटानं आग होते, अशी लक्षणं असतील तर सबम्युकस फायब्रोसिसचा (तोंडाचं आतलं अस्तर ताठ होत जाण्याचा आजार) संशय घ्या आणि दंतवैद्याकडे पाठवा. त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. मसाजमध्ये आठवडे घालवणं हा गुन्हाच. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा जबडा चावताना भरून येतो, कानशील हुळहुळतं, नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर दुखायचा थांबतो, तर आधी हृदय तपासायचं. ताप, सूज, नुकताच लागलेला मार, यांतही मसाज नाही.

पेशंटला उताणं झोपवा, गुडघ्यांखाली उशी द्या, तुम्ही डोक्याशी बसा. सुरुवात मानेपासून, दोन-तीन मिनिटं. मान आवळलेली असताना जबडा सहसा सैल सुटत नाही. मग कानशिलावर तीन बोटं सपाट ठेवून लहान गोल फिरवा. मॅसेटर सापडत नसेल तर दाढा आवळायला सांगा, बोटाखाली फुगतो तोच. लगेच सोडायला लावा. तेल दोन-तीन थेंबच, जास्त झालं की बोट घसरतं. गालाच्या हाडाखालून जबड्याच्या कोपऱ्याकडे सावकाश खाली या. गाठ लागली की 20 ते 30 सेकंद स्थिर दाब. दुखणं दहापैकी चार-पाचच्या वर जाऊ देऊ नका, कारण जास्त दुखलं की पेशंट दात आवळतो आणि तुम्ही आवळलेल्याच स्नायूवर काम करत बसता. कोपऱ्याच्या खाली मानेत दाबायचं नाही. तिथं कॅरोटिड धमनी आहे, चक्कर येऊ शकते.

तोंडातून काम पहिल्या भेटीत शक्यतो टाळा. करायचंच तर संमती घ्या, कवळी काढायला लावा, नायट्राइलचे हातमोजे घाला (लेटेक्सची अ‍ॅलर्जी असू शकते). पेशंटला बोलता येणार नाही, म्हणून हात वर केला की थांबायचं हे आधीच ठरवा. बोट गाल आणि दातांच्या मधून आत, अंगठा बाहेर. मॅसेटर दोन्हींच्या चिमटीत हलका धरून 30 सेकंद थांबा. लॅटरल टेरिगॉइड हा खोलातला स्नायू गाठायला वरच्या दाढेमागे बोट खुपसणं बऱ्याच कोर्समध्ये शिकवतात. तिथं बोट खरंच स्नायूपर्यंत पोहोचतं का यावरच वाद आहे, आणि पेशंटला दुखतं हे नक्की. नव्या थेरपिस्टनं ते करू नये.

शेवटी पुन्हा पट्टी लावा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक लगेच दिसू शकतो, पण मोजमापातही तेवढी चूक होते. खरा आकडा पुढच्या भेटीचा. जबडा हलवताना येणारा 'कट' आवाज जाईल असं कबूल करू नका: तो बहुधा सांध्यातल्या चकतीचा असतो, आणि दुखत नसेल तर त्याला उपचारही लागत नाही. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकणं चालतं. दोन दिवसांनंतरही राहिलं तर दाब जास्त झाला.

घरी सांगायचं ते एवढं: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. जांभई देताना हनुवटीखाली मूठ. ऊस, चिक्की, कडक चकली काही आठवडे बंद.